शांत एरिया, टू बीएचके

घराच्या जाहिरातींमधल्या शब्दांचा एक वेगळा शब्दकोश काढायला हवा. 'प्रशस्त' म्हणजे हॉलमध्ये सोफा ठेवल्यावरही माणूस तिरका होऊन बाल्कनीत जाऊ शकतो. 'सेमी-फर्निश्ड' म्हणजे तीन पंखे आणि आधीच्या भाडेकरूने न नेलेली एक ट्यूबलाइट. 'मेन रोडपासून पाच मिनिटं' म्हणजे रात्री बारा वाजता, बाइकवर. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे 'शांत'. गेल्या वर्षी मनीषनगरात मी तीन आठवडे घर शोधत फिरले (नागपुरात कुणी घर 'भाड्याने' घेत नाही, 'किरायानं' घेतात) आणि हा एक शब्द किमान तीस वेळा ऐकला. 'मॅडम, एरिया एकदम शांत आहे!'

नागपूरकर हे वाचून हसतील. मनीषनगरच्या कडेने नागपूर-वर्धा रेल्वेलाइन जाते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या याच पट्ट्यातून धावतात. म्हणजे देशाच्या चारही दिशांना निघालेल्या गाड्या तुमच्या उशाशी हॉर्न देऊन जातात. विमानतळही जवळच. पूर्वी इथे रेल्वेचं फाटक होतं. ते बंद झालं की वर्धा रोडकडे जाणारी अख्खी वस्ती इंजिन बंद करून एकमेकांच्या आरशात स्वतःचे केस बघत उभी राहायची. 'फाटक बंद होतं' हे ऑफिसला उशीर व्हायचं इतकं पक्कं कारण होतं की नोव्हेंबर २०२० मध्ये उड्डाणपूल सुरू झाला तेव्हा कितीतरी जणांची मोठीच पंचाईत झाली असणार. एके काळी 'फाटकापलीकडे' म्हणजे शहराबाहेर. तेव्हा इथे खरंच शांतता होती. आता मिहानमध्ये कंपन्या आल्या, एम्स आलं, मार्च २०१९ पासून वर्धा रोडवर मेट्रो धावायला लागली आणि बेसा-बेलतरोडीपर्यंत फ्लॅट स्कीमच फ्लॅट स्कीम. तरी शब्द मात्र तोच. शांत.

शांत म्हणजे आवाज नसणं नव्हे, हे कळायला मला चौथं घर लागलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पुण्यात सहा वर्षं काढल्यावर मी मिहानला ट्रान्सफर मागून घेतली. कारण आई. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली, बाबा नाहीत, गुडघे दुखतात आणि 'मी एकटी मजेत आहे' हे वाक्य ती दर फोनला थोड्या मोठ्या आवाजात म्हणायला लागली होती. माझं बजेट पंधरा हजारांपर्यंत. अटी फक्त तीन. तळमजला, घर उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशनच्या टप्प्यात आणि कूलर लावता येईल अशी एक खिडकी. या शेवटच्या अटीचं महत्त्व पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत वरच्या माळ्यावर, तापलेल्या स्लॅबखाली एक दुपार काढा, मग बोला.

त्याच महिन्यात माझी इंजिनिअरिंगची मैत्रीण सात हजार किलोमीटरवर घर शोधत होती. ती मूळची मनीषनगरचीच. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी लागली, पण शहरात घरं मिळेनात. म्हणून जवळच्या न्यूनेन नावाच्या गावात प्रयत्न चालू होते. न्यूनेन म्हणजे वीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव. रेल्वे स्टेशन नाही. बस किंवा सायकल. लिंडेनची झाडं, विटांची बसकी घरं, पडदे उघडे टाकलेल्या मोठ्ठ्या खिडक्या आणि संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. 'इथे खरोखर शांत आहे गं,' ती म्हणायची, 'मी माझं गिळणंसुद्धा ऐकते.' रात्री आमचे फोन चालायचे. दोघींच्या हाती एकेक यादी आणि दोघींच्या याद्यांवर काट्याच काट्या.

तिच्याकडचे किस्से भारी असायचे. तिकडे भाड्याचं घर तीन प्रकारांत मिळतं. सगळं सामान असलेलं, नुसतं फरशी-पडदे असलेलं आणि तिसरं 'काल'. काल म्हणजे बोडकं. अक्षरशः! आधीचा भाडेकरू जाताना पडदे, दिवे आणि जमिनीवरचं लॅमिनेटसुद्धा उचलून नेतो. तुम्ही आत जाता तेव्हा खाली काँक्रीट आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी. (आपल्या त्या सोडून दिलेल्या ट्यूबलाइटबद्दल मला तेव्हा एकदम आदर वाटला.) पण कागद मात्र चोख. डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांहून जास्त घेता येत नाही, हा जुलै २०२३ पासूनचा कायदा. जुलै २०२४ पासून तर मुदत नसलेला करार हाच नियम झालाय. एकदा घरात शिरलात की मालकाला वाटलं म्हणून बाहेर काढता येत नाही. हे ऐकून मी फोनवरच हात जोडले. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार आणि दहाव्या महिन्यापासून मालकाच्या चेहऱ्याचा अभ्यास.

आता माझं चौथं घर. पहिली तीन वेगवेगळ्या कारणांनी गेली होती. एकाला 'फक्त फॅमिली' हवी होती. आई आणि मुलगी मिळून फॅमिली होते का, यावर मालकीणबाईंनी बराच विचार केला आणि 'जेन्ट्स कुणीच नाही म्हणता?' असं विचारून दार लोटलं. दुसऱ्यांनी नॉनव्हेजचं विचारलं. सावजी मटणासाठी लोक जिथे दुरून येतात त्या शहरात हा प्रश्न! मी म्हटलं, रविवारी अंडी. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या घरात कूलरला जागाच नव्हती, ते मीच सोडलं. ही कारणं मला चालतात असं नाही, पण निदान ती तोंडावर सांगितली गेली.

चौथं घर म्हणजे स्वप्न होतं. तळमजला, पुढे गेट, मागे धुणं वाळत घालायला जागा. मालकांनी चहा दिला. चौदा हजारांवर बोलणं आलं. ब्रोकरने वही काढली. 'मॅडम, पूर्ण नाव?' मी सांगितलं.

विदर्भात आडनाव सांगितल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. मालक उठून आत गेले. ब्रोकर वहीतल्या त्या ओळीकडे बघत राहिला. मग मालकीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'अहो, पण आमच्या भाच्याचं जवळपास फायनल झालंय ना.' चहाचा कप अजून माझ्या हातातच होता.

बाहेर आल्यावर ब्रोकर बाइकला किक मारता मारता म्हणाला, 'मॅडम, मालक लोक विचारून राहिले ना, मी थोडी विचारून राहिलो. पुढच्या वेळी आपण नुसतं पहिलं नाव सांगू. बाकी नंतर पाहू.' त्याच्या परीने तो मला मदतच करत होता, यात शंका नाही. 'एरिया शांत आहे मॅडम, लोक जरा पाहून घेतात.'

तर हा त्या शब्दाचा अर्थ. माणसं आमच्यासारखीच असली की एरिया शांत.

एवढ्यावरून मी हा निष्कर्ष काढला असं वाटत असेल, तर सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांवरचा अभ्यास बघा. २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वेगवेगळ्या जाती-धर्माच्या लोकांनी घरासाठी विचारणा करून पाहिली. दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांना थेट नकार तरी मिळाले, नाहीतर जादा अटी तरी. थोरात आपल्या अमरावतीकडचे. मला तर वाटतं त्यांना या प्रयोगासाठी दिल्लीला जायचीही गरज नव्हती.

आईला मी चौथ्या घराचं सांगितलं नाही. पण तिच्या लक्षात आलंच. ती शिक्षिका होती, मुलांच्या चेहऱ्यावरून गृहपाठ ओळखायची. ती फक्त एवढंच म्हणाली, 'बडोद्यात अकरा दिवस तरी मिळाले होते.'

आमच्या घरात हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेलाय की 'बडोदा' म्हटलं की पुरे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितलं. एक हिंदू आणि एक ख्रिश्चन मित्र होता, दोघांनीही सबबी सांगितल्या. मग बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला ते किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहिले. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे स्मारक झालं. गंमत बघा, त्या रस्त्यावरच्या काही रहिवाशांनी नंतर तक्रार केली की स्मारक बघायला येणाऱ्यांमुळे गल्लीची शांतता जाते! प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेलं. मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने स्मारकाला परवानगी दिली.

असो. मला अजून घर मिळालं नव्हतं.

इथे त्या मैत्रिणीच्या वरच्या माळ्याची गोष्ट सांगायला हवी. तिच्या वडिलांनी फाटकाच्या जमान्यात मनीषनगरात प्लॉट घेऊन घर बांधलं. कॉलेजच्या चार वर्षांत त्यांच्याकडचा वडाभात मी किती वेळा जेवले असेन याचा हिशोब नाही. काकू मला हाताने तेल वाढायच्या. दुसरं घर गेलं तेव्हा मैत्रीणच फोनवर म्हणाली होती, 'अगं, आमचाच वरचा माळा रिकामा आहे की! तुझी आई जिने चढेल का, एवढंच बघ. बाबांशी बोलते.' मला तळमजलाच हवा होता, पण त्या घरासाठी मी आईला उचलून नेलं असतं. दोन दिवसांनी ती म्हणाली, 'बाबा म्हणतात वर रिपेअरिंग काढायचंय.' मी म्हटलं, बरं.

मग चौथ्या घरानंतरचा तो फोन. त्या दिवशी तिचा आवाज बसला होता. तिने चोवीस घरांना अर्ज केले होते आणि घर बघायला बोलावणं आलं होतं फक्त दोनांचं. त्यातच तिच्या टीममधल्या एका डच मुलीला, पगार हिच्यापेक्षा कमी, त्याच घराचं बोलावणं आलं जिथून हिला उत्तरसुद्धा नव्हतं. 'पगार बघा, कॉन्ट्रॅक्ट बघा... नाव काय बघता!' ती रडत म्हणाली. मी तिला सांगितलं की यात तिच्या एकटीचं काही नाही. तिथल्या सरकारनेच करून घेतलेल्या पाहणीत दिसलंय की अर्जावर मोरोक्कन नाव असलं की बोलावणी कमी येतात. २०२३ च्या कायद्याने घरमालक आणि एजंट दोघांनाही निवडीचे निकष आधी ठरवावे लागतात आणि नाकारलेल्याला कारण द्यावं लागतं. 'मग माग की कारण,' मी म्हटलं.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'बाबांनी रिपेअरिंग काढलेलं नाहीये.'

'माहीत आहे,' मी म्हटलं. 'तुमच्या गेटवर टु लेटची पाटी तशीच आहे. मी रोज त्याच रस्त्याने जाते ना.'

आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी फोन चालू ठेवून काहीच बोललो नाही. न्यूनेनची शांतता मला ऐकू येत होती. माझ्याकडून तिला बहुतेक मालगाडी. मग तिने विचारलं, 'मी बाबांशी भांडू?' मी म्हटलं, आधी तुला घर मिळू दे. ती तरीही भांडली. व्हिडिओ कॉलवर, काकू मागे उभ्या असताना. काका म्हणाले, 'मला काही नाही गं, पण शेजारी...' शेजाऱ्यांना बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. महिनाभरात वर दुसरे भाडेकरू आले. मी अजून त्यांच्याकडे जाते का? जाते. मागच्या महिन्यात वडाभात होता. काकूंनी तेल वाढलं. काका पेपर वाचत होते आणि त्यांचं वाचून संपतच नव्हतं.

तिला न्यूनेनमध्येच घर मिळालं. काल, म्हणजे बोडकं. स्वतः लॅमिनेट बसवलं पोरीने. पहिल्याच आठवड्यात सगळ्या शेजाऱ्यांची बेल वाजवून 'मी नवीन राहायला आले' असं सांगून आली, तशी पद्धत आहे म्हणे. व्हॅन गॉग याच गावात दोन वर्षं राहिला, १८८३ च्या डिसेंबरपासून. 'बटाटे खाणारे' हे चित्र त्याने इथेच काढलं. तिच्यामुळे मीही त्याच्याबद्दल वाचलं आणि मला त्याच्यातला चित्रकार राहिला बाजूला, भाडेकरूच जास्त आवडला. प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचा हा मुलगा स्टुडिओसाठी दोन खोल्या घेतो त्या कॅथलिक चर्चच्या सेवेकऱ्याकडून. पुढे त्याच्यासमोर मॉडेल म्हणून बसलेल्या एका मुलीवरून गावात कुजबुज सुरू होते, पाद्री लोकांना त्याच्यासमोर बसायला मनाई करतो आणि १८८५ च्या नोव्हेंबरात तो गाव सोडतो. आज गावात त्याच्या नावाचं म्युझियम आहे आणि चौकात पुतळा. भाडेकरूची किंमत तो गेल्यावर कळते, हे आमच्या पुण्याच्या घरमालकांना सांगायला हवं.

माझं घर मला तिसऱ्या आठवड्यात, ब्रोकरशिवाय मिळालं. एका गल्लीत स्कूटी बंद पडली आणि समोरच गेटवर खडूने 'किरायाने देणे आहे' लिहिलेलं. वीज मंडळातून रिटायर झालेले काका आणि त्यांच्या मिसेस वर राहतात, खाली टू बीएचके. यावेळी मी दारातच पूर्ण नाव सांगून टाकलं. नावानंतर एक श्वास थांबायचा असतो, हे तोवर मला जमायला लागलं होतं. काका थांबले. म्हणाले, 'वर्ध्याला माझे एक साहेब तुमच्याच आडनावाचे होते. फार कडक माणूस.' हे चांगलं की वाईट, मला अजूनही कळलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, 'कूलर लावाल ना? मागच्या खिडकीत लावा. आणि पाणी बोअरचं भरा, नळाचं नाही.'

तीन आठवडे मी या प्रश्नाची वाट बघत होते!

पुढे कागद. काकांना पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करायचं होतं. 'अकरा महिन्यांचंच तर आहे, रजिस्टर कायले करायचं?' हा गैरसमज अख्ख्या महाराष्ट्रात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते, तुमच्याही कामाला येईल. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हे जुन्या, १९०८ च्या नोंदणी कायद्यातलं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ म्हणतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मी काकांना वाचून दाखवलं. 'आणि काका, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.'

'कुणाला?'

'तुम्हाला.'

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्याच दिवशी काकांनी घरबसल्या ऑनलाइन करून देणाऱ्या एजंटला बोलावलं. आधार, अंगठा, फोटो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे आमचं चारशेच्या आसपास, वर नोंदणी फी हजार. डिपॉझिट दोन महिन्यांचं. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदाही राहत्या घरासाठी तेवढंच सुचवतो. तो लागू होतो फक्त राज्याने स्वीकारला तर. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना दोन महिने हा आकडा बरा वाटला इतकंच.

आई आली. पहिल्या दिवशी तिने हॉलच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायला खिळा मागितला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'की आतल्या खोलीत लावू?' मी काही बोलायच्या आत काका वरून हातोडी घेऊन आले. त्यांनी फोटो बघितला, भिंत बघितली. 'इथे वायरिंग आहे. जरा डावीकडे घ्या,' म्हणाले. त्यांनी मनात काय म्हटलं ते मी विचारलं नाही. फोटो हॉलमध्येच आहे, जरा डावीकडे.

शेजारच्या बंगल्यातल्या बाई अजून आईशी बोलत नाहीत. समोरच्या घरातल्या आजी रोज बोलतात, आणि त्यांना आईचं आडनाव अजून ऐकू आलेलं नाही, कारण त्यांना काहीच ऐकू येत नाही. आई त्यांच्याशी संध्याकाळी तासभर गप्पा मारते. रात्री अकराच्या सुमाराला एक लांबच लांब मालगाडी जाते, तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.

करार फेब्रुवारीत संपतोय. काकांनी रिन्यूचं अजून काही म्हटलं नाही, मीही विचारलेलं नाही. आईने मात्र चंद्रपूरहून आणलेलं कढीपत्त्याचं रोप परवा कुंडीतून काढून मागच्या अंगणात, जमिनीत लावलं.